वार सांगा, वेळ सांगा : आमचे टेंबे सर

टेंबे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणातून झाली. भांडायला मीच गेलेलो. डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या घरासमोर एक तीन मजली जुनी इमारत आहे, लिफ्ट नसलेली. तिच्या दुसऱ्या मजल्यावर सर आणि काकू राहायचे आणि बाहेरच्या खोलीत सरांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरायचा. वर्गाला येणाऱ्यांच्या सायकली आणि स्कूटर आमच्या फाटकासमोर लागायच्या. वडील म्हणाले, जाऊ दे, शिकायला येतात बिचारे. मी तेव्हा अकरावीत होतो आणि जाऊ देणं हा प्रकार मला आजही जमत नाही. जिना चढून थेट दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "तुमच्या लोकांच्या गाड्या काढा."

सर फळ्याशी होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी काढायच्या?"

"आत्ता."

"बरं." सर वर्गाकडे वळले. "हे गृहस्थ म्हणतात, आत्ता. नाऊ. याच्या आधी काही लागत नाही, ना ऑन, ना ॲट. सगळ्यांत सोपा शब्द आहे, आणि बहुतेक भांडणं याच शब्दावर होतात. जा, गाड्या हलवून या." मग मला म्हणाले, "त्या हलेपर्यंत बसा. चपला बाहेर काढा."

वर्ग खाली गेला. मी चपला काढल्या आणि बसलो. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'गृहस्थ' म्हटलेलं. गाड्या हलवून सगळे परत आले तरी मी उठलो नाही, आणि तसा मी नंतर कधी उठलोच नाही.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले म्हणून हा गौरवग्रंथ निघतोय. त्याच्या समितीवर आमच्याच वर्गातली ऋतुजा आहे. तिने मला लेख मागताना दोन अटी घातल्या: राग नको आणि रडगाणं नको. रागाचं बघतो. दुसऱ्या अटीची खात्री देता येत नाही. सर आजारी आहेत, आणि तो आजार वगळून सरांवर लिहिणं म्हणजे सरांच्याच भाषेत खोटं वाक्य होईल.

आधी सरांच्या शिकवण्याविषयी. सर एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. वर्गाला यायचे ते कुरियरवाले, दवाखान्यातल्या मदतनीस, लग्न होऊन इकडे आलेल्या मुली, आणि माझ्यासारखे, ज्यांचं कॉलेजमध्ये काही खरं नव्हतं असे. इतर क्लासवाले 'माय सेल्फ' पासून सुरू करतात. सर सुरुवात करायचे वार आणि वेळेपासून, आणि बरेच दिवस दुसरं काही शिकवायचेच नाहीत. एकदा मी वैतागून विचारलं, "सर, आपण सोमवारच्या पुढे कधी जाणार?"

सर म्हणाले, "नोकरी मागायला गेलात तर विचारतात, कधीपासून येऊ शकाल. दवाखान्यात विचारतात, कधीपासून दुखतंय. चौकीत गेलात तर विचारतात, कधी घडलं. इंग्रजी बोलणारा माणूस तुम्हाला आधी 'कधी' ते विचारतो. 'का' ते तो नंतर विचारतो, आणि कित्येकदा विचारतही नाही. तेव्हा सोमवार नीट करा."

ऑन, ॲट आणि इन ही तीन भुतं त्यांनी आम्हाला त्यांच्या घरातच दाखवली. नेमकी वेळ म्हणजे दाराची कडी, तिथे एकच बोट टेकतं, तिथे ॲट. वार म्हणजे जिन्याची पायरी, तिच्यावर पाय ठेवायचा, तिथे ऑन. महिना आणि वर्ष म्हणजे खोली, तिच्या आत वावरायचं, तिथे इन. कडी, पायरी, खोली. आमच्यातल्या निम्म्या लोकांना मुलाखतीत घाम फुटला की आजही सरांचा जिना दिसतो. कोणीतरी विचारलेलं, "मग सर, रात्रीला ॲट नाईट का? रात्र काय कडी आहे?" सर म्हणाले, "तिथे इंग्रजांनाही झोप आली असणार. पाठ करा आणि पुढे चला."

दुसरी गोष्ट मला तेव्हा फालतू वाटलेली. आमच्या पिढीला मोबाइलमुळे वेळ आकड्यांतच वाचता येते. सहा पंचेचाळीस म्हणायचं. सर क्वार्टर टू सेवन शिकवण्याआधी सगळ्यांना पावणेसात, सव्वासात, साडेसात म्हणायला लावायचे. "घरातला काटा कळत नाही त्याला परक्याचा काटा काय कळणार," म्हणायचे. कुरियरवाला पोरगा एकदा तावातावाने म्हणाला, "सर, मराठी शिकायला नाय आलो." सर म्हणाले, "मग दीडला इंग्रजीत काय म्हणाल?" तो मोबाइल काढून बघायला लागला. "हाफ पास्ट वन. त्यांच्याकडे दीड नाही, अडीच नाही. त्यांना प्रत्येक वेळी आधीच्या तासाला धरून चालावं लागतं. आपल्याकडे काय आहे ते माहीत असलं की त्यांचं नवल वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही."

वर्गाचे नियम दोनच होते. दोन्ही लिहितो, कारण पुढचं सगळं त्यांवरच आहे.

पहिला नियम असा की वाक्य खरं असलं पाहिजे. 'राम गोज टू मार्केट ऑन मंडे' चालायचं नाही. सर विचारायचे, "कोण राम? तुम्ही सोमवारी कुठे गेलात ते सांगा." आणि पुढच्या वाराचं वाक्य बोललात तर तसं वागायचं. वार आणि वेळ उच्चारली की ते वचन झालं. हा नियम सरांनाही लागू. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा घरात रोज भांडणं व्हायची. त्या आठवड्यात सरांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं, त्याचा अर्थ असा की टेंबे सर शनिवारी चार वाजता सागरच्या घरी जातील. आम्ही ते वहीत उतरवलं, ऑनखाली रेघ मारली, ॲटखाली रेघ मारली. शनिवारी चार वाजता सर आमच्या फाटकात उभे. धुतलेला सदरा, हातात पिशवी.

वडील नुसत्या गंजीफ्रॉकवर होते, ते आत पळाले. आईने ओट्यावरचे बोंबील झाकले. वडिलांना वाटलं, मास्तर आले, आता पोराला झापतील. त्यांनी सगळी कहाणी ऐकवली, मी प्रोफेसरशी कसा भांडलो, फी कशी फुकट गेली, जमिनीचे पैसे आहेत म्हणून माजलोय वगैरे. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "परत कधी जाणार?"

"नाही जाणार."

सर वडिलांना म्हणाले, "यांनी वार सांगितलेला नाही. म्हणजे यांचं अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा वार सांगतील. तोवर रागावून उपयोग नाही, त्यांना आपल्या वर्गाला येऊ द्या." मग चहा प्यायले, तांदळाची भाकरी चवळीच्या भाजीबरोबर खाल्ली आणि निघाले. आई आजही म्हणते, "त्या मास्तरांनी तुला माणसान ठेवला, बाला." मी तो वार अजून सांगितलेला नाही. सरांनीही परत विचारला नाही.

दुसरा नियम असा की दुसऱ्याचं वाक्य कोणी पूर्ण करायचं नाही. बोलणारा अडला तर अडू द्यायचं. सगळ्यांनी थांबायचं. किती वेळ, ते सर कधी सांगायचे नाहीत. मोहने गावाहून मीनाताई यायच्या, त्यांना एक वाक्य बोलायला इतका वेळ लागायचा की पंख्याचा आवाज ऐकू यायचा. सर खुर्चीत बसून असे ऐकायचे की जणू वाक्य चालूच आहे. पुढे मीनाताईंच्या मुलाला ताप आला, ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, कधीपासून. मीनाताईंनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, सिन्स वेन्सडे नाईट. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. एवढंच झालं. पण मीनाताई ते वर्गात सांगताना रडल्या. म्हणाल्या, "मी अडले, पण कोणी माझ्या मध्ये बोललं नाही, म्हणून निघालं तोंडातून."

हा नियम सगळ्यांत जास्त मी मोडला, आणि तो ऋतुजासाठी मोडला. ती हुशार आहे, पण तेव्हा बोलताना अडायची, कान लाल व्हायचे, आणि मला ते बघवायचं नाही. ती 'ऑन' म्हणून थांबली की मी मागून वार फेकायचो. सर काही न बोलता दाराकडे बोट करायचे. मी जाऊन जिन्यावर बसायचो. एकदा ती बाहेर येऊन म्हणाली, "तुला वाटतं तू मदत करतोस. मला वाटतं माझ्या तोंडात कोणीतरी हात घातलाय." मग आत गेली.

आता पहिल्या नियमाप्रमाणे खरंच लिहायचं तर हेही लिहावं लागेल. एका मंगळवारी सरांनी विचारलं, तुम्ही वर्गाला का येता, वार घालून सांगा. मी उभा राहून म्हणालो, आय कम ऑन ट्यूजडेज बिकॉज ऋतुजा कम्स ऑन ट्यूजडेज. वर्गात हशा पिकला. कुरियरवाल्याने बाक वाजवला. सर हसले नाहीत. म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. बसा." मग ऋतुजाची पाळी आली. ती त्या दिवशी कुठेच अडली नाही. म्हणाली, फ्रॉम नेक्स्ट वीक आय विल कम ऑन फ्रायडेज.

सर म्हणाले, "हेही बरोबर आहे. बसा."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. काकूंना दोन कप चहा ठेवायला सांगितला. मला वाटलं आता उपदेश. सर म्हणाले, "सागर, दोन्ही वाक्यं खरी आहेत. मला दोन्ही मान्य करावी लागतात. तुम्हालाही." बस. चहा होईपर्यंत ते माझ्याबरोबर गप्प बसले. आयुष्यात माझ्याबरोबर इतकं व्यवस्थित गप्प कोणी बसलेलं नाही. ऋतुजाचं आता लग्न ठरलंय. मान्य करण्याचं काम माझ्याकडून अजून पूर्ण झालेलं नाही.

गेल्या वर्षी सरांना झटका आला. सकाळी दात घासताना पडले. काकूंची हाक ऐकून मी आणि माझा भाऊ धावलो, खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून खाली नेलं. जीव वाचला. उजवा हात बराच गेला, पाय जेमतेम टेकतो. आणि वाचा गेली. डोकं शाबूत आहे, समोरच्याचं सगळं कळतं, वर्तमानपत्र डाव्या हाताने धरून बघतात, पण शब्द येत नाही. येतो तो भलताच येतो. पाणी हवं असलं की 'पेन' म्हणायचे, आणि आपण पेन म्हणालो हे त्यांना ऐकू यायचं. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी लिहिणार नाही.

आम्ही जुने विद्यार्थी पाळ्या लावून जायला लागलो, त्यांना बोलतं करायला. सर अडायचे, आणि आम्ही थांबायचो. नियमच तो. आठ जण गोल करून बसलेले, मध्ये सर तोंड उघडून, कपाळाला घाम, आणि आम्ही आठही जण हूं की चूं करत नाही. आम्हाला वाटायचं आम्ही त्यांचा मान ठेवतोय. काकू एकदा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, काही तरी बोला की रे. ते बुडतायत आणि तुम्ही काठावर बसून बघताय."

ठाण्याला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत. खुर्ची उचलून आम्ही सरांना तिकडे न्यायचो. आमची पद्धत ऐकून मॅडम अवाक झाल्या. म्हणाल्या, "हे अडखळणं नाहीये. रस्ताच तुटलाय. नुसतं थांबून शब्द यायचा नाही. पहिलं अक्षर तुम्ही द्या, मग थांबा. आणि जे लहानपणापासून पाठ आहे तिथून सुरू करा. आकडे, वार."

वार. खोलीत आम्ही तिघं होतो, कोणी कोणाकडे बघितलं नाही.

मॅडमनी म्हटलं, "सो…" आणि सर म्हणाले, "सोमवार." मग आपोआप, "मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार." इतक्या दिवसांनी सरांचा आवाज ऐकला आणि मला तिथेच हुंदका आला. मग मॅडमनी विचारलं, "आणि आज कोणता वार आहे?" सरांनी परत सोमवारपासून धरलं. त्या दिवशी बुधवार होता. सर बुधवारवरून पुढे निघून गेले, त्यांना थांबता आलं नाही, थेट रविवारला जाऊन आपटले. परत केलं, परत तेच. वार ओळीने येत होते. हवा तिथे एक वार उचलून ठेवता येत नव्हता. ज्यांनी आम्हाला प्रत्येक वारावर पाय ठेवायला शिकवलं, त्यांना स्वतःला कुठल्याच वारावर उभं राहता येईना.

पहिलं अक्षर देण्याचं काम माझ्याकडे आलं. बाकीच्यांची जीभ उचलायची नाही, सरांचा धाक. मी नाहीतरी त्याच कामासाठी जिन्यावर बसलेलो. मी 'च' म्हणायचो, सर 'चहा' म्हणायचे. मी 'का' म्हणायचो, सर 'काकू' म्हणायचे, कारण आम्ही सगळे काकू म्हणतो म्हणून तेही तेच म्हणायला लागलेले, आणि काकू हसायच्या. असे काही महिने गेले. शब्द पाच-पंचवीसच्या पुढे गेले नाहीत. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, फार अपेक्षा ठेवू नका.

सरांचा मुलगा, अभिजितदादा, घोडबंदर रोडला राहतो. मोठं संकुल, उंच मजला, लिफ्ट. एका रविवारी तो आला तेव्हा मी आणि ऋतुजा तिथेच होतो. दादा म्हणाला, "बाबा, आता आमच्याकडे चला. इथे दर वेळी उचलून न्यायचं म्हणजे काय. तिकडे सगळं हाताशी आहे."

सर म्हणाले, "मी… मी…"

"येतो म्हणतायत," दादा म्हणाला.

माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "नाही येत म्हणतायत. सर इथेच राहणार. त्यांचं सगळं आयुष्य या खोलीत गेलंय."

"तू कोण रे मधे बोलणारा?"

"विद्यार्थी आहे मी त्यांचा."

"आणि मी मुलगा आहे."

"मग जरा थांबा ना मुलासारखं. बोलू द्या त्यांना."

"तू बोलू देतोयस?"

काकू म्हणाल्या, "दोघंही तोंडं मिटा." सरांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थाप मारली. सर परत म्हणाले, "मी…" आणि अडले. सवयीने मी पहिलं अक्षर द्यायला तोंड उघडलं. 'रा' देणार होतो. राहतो. ऋतुजा हळूच म्हणाली, "सागर, देऊ नकोस."

मी थांबलो. मी 'रा' दिलं असतं तर सरांच्या तोंडून राहतो निघालं असतं, आणि दादाने 'ये' दिलं असतं तर येतो निघालं असतं. पहिलं अक्षर द्यायचं तर शब्द कोणता हे आधी माहीत लागतं. तो शब्द फक्त सरांना माहीत होता.

मग आम्ही थांबलो. दादाला ती सवय नव्हती, तो दोनदा हलला, पण थांबला. सर काकूंकडे बघत होते. काकू दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक गुडघा पट्ट्यात बांधलेला, दुसऱ्यावर भार. औषधं, भाजी, दूध, सगळं घेऊन त्या जिना चढायच्या. आम्ही मुलं सरांची खुर्ची उचलायला यायचो. काकूंची पिशवी उचलायचं आमच्यातल्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सरांनी सुरू केलं, "सोमवार, मंगळवार…" दादाने कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, झालं, परत ती माळ सुरू. "बुधवार, गुरुवार, शुक्रवार."

आणि सर थांबले. शनिवार आला नाही. आम्ही वाट बघत राहिलो, आला नाही. त्यांनी परत म्हटलं, "शुक्रवार." मग बऱ्याच वेळाने, "जाऊ." आणि काकूंच्या गुडघ्याकडे बोट करून, "हिला… जिना."

कोणीही अक्षर दिलेलं नव्हतं. अभिजितदादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. काकू म्हणाल्या, "मला काही होत नाहीये," आणि खाली बसल्या. मी सरांच्या वतीने दहा मिनिटं भांडलेलो, आणि सरांना जे हवं होतं ते माझ्या भांडणात कुठेच नव्हतं.

ठरल्या वारी सर दादाकडे गेले. खुर्ची शेवटची मी आणि दादाने मिळून खाली आणली. वर्ग झटका आला तेव्हाच थांबलेला, त्या दिवसापासून खोलीलाही कुलूप आहे.

सरांचे गुण सांगायचे म्हणून मी हे सांगत नाही. माणूस बोलता येत होतं तेव्हा जे शिकवत होता, तेच न बोलता येताना त्याने करून दाखवलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. आपलं वाक्य आपणच पूर्ण करायचं. ते खरं असलं पाहिजे. त्यात वार असला पाहिजे. बोललो तसं वागायचं.

मी आता दर आठवड्याला बसने घोडबंदरला जातो. रस्त्यात गाड्या तासन् तास उभ्या असतात. फाटकावरचा माणूस दर वेळी विचारतो, कोणाकडे, किसके यहाँ, आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायला लावतो. वर सर खिडकीशी असतात. काकूंचे गुडघे बरे आहेत, एवढं एक चांगलं झालं. त्या मजल्यावर सरांना सर म्हणणारं कोणी नाही. शेजारी त्यांना अंकल म्हणतात आणि लिफ्टमध्ये त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, जणू त्यांना ऐकू येत नाही. दादा खरंच करतो त्यांचं, हे मला लिहायलाच हवं. तो ऑफिसातून दमून येतो आणि चपला काढायच्या आधी बाबांसमोर बसतो. आता त्यालाही थांबता येतं, माझ्यापेक्षा बरं.

मागच्या भेटीत सर मला काहीतरी विचारत होते. "को… को…" मला वाटलं, कोपर. आठवण येतेय. मी बोललो नाही. काकूंनी आणलेला चहा निवला, त्यावर साय धरली. शेवटी निघालं ते असं, "कोण… शिक… वतं?"

मी म्हणालो, "कोणी नाही, सर."

दुसरं वाक्य माझ्याकडे होतं, गोड होतं, पण खरं नव्हतं. सरांनी मान हलवली. ते वाक्य त्यांनी मान्य केलं. मग आम्ही दोघं तो निवलेला चहा प्यायलो.

या ग्रंथाच्या प्रकाशनाला सरांचा सत्कार आहे, त्याला सर स्वतः उत्तर देणार आहेत. समितीने 'सरांच्या वतीने मुलगा बोलेल' असं छापायचं ठरवलेलं, ते सरांनी डाव्या हाताने खोडलं. म्हणून या ग्रंथाच्या सगळ्या वाचकांना, आणि जे सभागृहात असतील त्यांना माझी विनंती आहे. सर उभे राहतील तेव्हा त्यांना किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. कदाचित दोनच शब्द येतील. कदाचित भलताच शब्द येईल आणि ते परत पहिल्यापासून धरतील. कोणी मायक्रोफोन मागे घेऊ नये. कोणी दयेपोटी टाळ्या वाजवून त्यांचं बोलणं संपवू नये. वाजवल्या तर मी उठून काय बोलेन ते मला माहीत नाही. ऋतुजा, हे वाक्य छापायचं नसेल तर काढ, पण खरं आहे.

सरांना दीर्घायुष्य लाभो असं सगळे लिहितील. मीही लिहितो. त्यांना खूप वर्षं लाभोत, अंगात बळ राहो, काकूंचे गुडघे चालते राहोत. आणि सर, त्या सगळ्या वर्षांत तुमच्यासमोर जो कोणी बसेल, त्याला कुठे जायची घाई नसो.

— सागर
कोपर, डोंबिवली पश्चिम